गच्च भरलेल्या कपाटाची नामुष्की

मी शाळेच्या लायब्ररीतलं कपाट बोलतोय. दारातून आत आलात की समोर दिसतं ना, काचेच्या दारांचं, पितळी कड्यांचं, तेच मी. नमस्कार-चमत्कार राहू द्या. माझ्या काचेत बघून भांग पाडणारे, मिशी सारखी करणारे आणि "काय दणकट लाकूड आहे हो जुनं!" म्हणत माझ्या पोटावर टकटक करणारे मी ढिगाने पाहिलेत. आत काय आहे असं विचारणारा त्यांच्यात एकही नव्हता. तुम्हीही कौतुक करायलाच आला असाल तर आल्या पावली परत फिरा. ऐकायचं असेल तर ती खुर्ची ओढा आणि बसा. तिचा एक पाय आखूड आहे, सांभाळून.

मला घडवलं एका तिरसट सुताराने. गिऱ्हाईक घाई करायला आलं की तो म्हणायचा, "घाई असेल तर खोकं घेऊन जा." त्याचा तो स्वभाव माझ्या अंगात पुरेपूर उतरलाय आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही. त्याने मला केलं ते कापडाच्या दुकानासाठी. माझ्या फळ्या म्हणून एवढ्या रुंद. पुस्तकांना एवढी रुंदी लागत नाही, पण ते पुढचं झालं.

दुकानदार मोठा बोलघेवडा होता. सकाळी माझ्या फळ्या ताग्यांनी भरायच्या आणि संध्याकाळी त्या रिकाम्या दिसायला हव्यात, एवढीच त्याची अपेक्षा. एखादा तागा सारखा तिथेच दिसला की तो नोकरावर खेकसायचा, "हा अजून इथेच? वस्तीला आलाय का?" आणि फळी मोकळी झाली की स्वारी खुशीत. घराकडे तोंड करून बायकोला हाक मारायचा, "अगं ऐकलंस का, निळं सगळं गेलं!" मी तिथे एक गोष्ट पक्की शिकलो. दिवस मावळताना गच्च भरलेलं असणं ही कपाटाची नामुष्की आहे.

पुढे दुकानदार थकला. मुलं परगावी नोकरीला लागली, कापड मोजत बसायला कोणालाच नको होतं. त्याने मला ह्या शाळेला देऊन टाकलं. "पुस्तकं ठेवा ह्याच्यात," म्हणाला, "पण कोंडून ठेवू नका." शाळेने मान डोलावली. मान डोलावण्यात ही शाळा पहिल्यापासून हुशार.

लायब्ररीची खोली चांगली ऐसपैस, दोन्ही बाजूंना खिडक्या असलेली. म्हणूनच ती सगळ्यांना हवी असायची, वाचायला सोडून बाकी सगळ्याला. खेळाच्या सरांचे फुसके चेंडू इथे. संमेलनाचा मोडका पडदा इथे. शिक्षकांची डबे खाऊन झाल्यावरची डुलकी इथे. वर्गात कोणी दंगा केला की मास्तर ओरडायचे, "चल, लायब्ररीत जाऊन बस!" म्हणजे बघा, पुस्तकांच्या खोलीत बसवणं ही ह्या विद्वानांची शिक्षा. आणि वर हेच लोक तावातावाने म्हणणार, हल्लीची पोरं वाचत नाहीत हो! वाचतील कशी? तुम्ही त्यांना तुरुंगवास म्हणून पाठवता.

मुख्याध्यापकांबद्दल काय बोलावं? मुलांनी त्यांचं नाव होयबा ठेवलं होतं आणि मुलांची पारख सहसा चुकत नाही. शाळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, आज ऊन आहे, की हे कपाळ पुसायचे. अध्यक्ष म्हणाले, गारठा आहे, की हे कोटाची बटणं लावायचे. माझी किल्ली ह्या गृहस्थांच्या खिशात असायची. पुस्तक हवं असलं की आधी किल्ली मागा, किल्ली हवी असली की आधी साहेब शोधा, आणि साहेब सापडेपर्यंत घंटा व्हायची. मुलं कंटाळून खाली मैदानावर पळायची. मी त्यांना दोष देत नाही.

मग बाई आल्या. लायब्ररीच्या बाई. आल्या आल्या त्यांनी माझी दारं उघडली, नाक धरलं आणि म्हणाल्या, "बाप रे, कुबट वास! ह्या पुस्तकांनी वारा कधी पाहिलाय की नाही?" मला बरं वाटलं. त्यांनी किल्ली भांडून घेतली, चेंडू बाहेर काढले, पडदा भंगारात घातला. डांबरगोळ्या टाकल्या, फाटकी पुस्तकं शिवली, सगळ्यांना खाकी कव्हरं चढवली. दुपारच्या सुट्टीत मुलं यायला लागली. माझ्या काचांवर बोटांचे ठसे उमटायला लागले. दुकान सुटल्यापासून मला असे दिवस दिसले नव्हते.

पण बाईंना एक खोड होती, आणि मी तोंडदेखलं बोलणाऱ्यांतला नाही. त्यांना नीटनेटकेपणाचं वेड होतं. समितीची भेट जवळ आली की त्या वर्गावर्गात चिठ्ठी फिरवायच्या: सगळी पुस्तकं ताबडतोब जमा करा. पोरं हिरमुसून अर्धवट वाचलेली पुस्तकं आणून द्यायची. बाई ती उंचीप्रमाणे लावायच्या, कव्हरं पुसायच्या, माझ्या काचा कागदाने घासायच्या आणि किल्ली फिरवायच्या. मग मी उभा, गच्च भरलेला, आतून धुमसत. इतर शाळांतही असंच करतात म्हणे. पाहुण्यांना पुस्तकं दिसली पाहिजेत ना! म्हणजे ज्या दिवशी लायब्ररी कशी चालते ते दाखवायचं, नेमकी त्या दिवशी ती बंद. आता ह्या अकलेला काय म्हणावं?

भेटीच्या दिवशी बाईंचं एक भाषण ठरलेलं असायचं. वाचनाने माणूस घडतो, वाचनाने विचार प्रगल्भ होतात, वगैरे. ते ऐकताना समितीतला एक सभासद हमखास पेंगायचा आणि अध्यक्ष घड्याळाकडे बघायचे. वाचन वाईट असतं असं कोण म्हणतंय हो बाई? ती गोष्ट सगळ्यांना मान्यच असते, म्हणून तर कोणी तिच्याकडे लक्ष देत नाही. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला बिजागऱ्या आहेत, जीभ नाही.

आता अध्यक्ष. ह्या माणसाचं आयुष्यात एकच लाडकं काम, सत्कार घेणं. कुठेही दिवा लावायचा असो, फीत कापायची असो, हा हजर. त्यातून मिळालेली मानचिन्हं, ढाली, हसऱ्या तोंडाच्या तसबिरी ह्यांनी घर भरून गेलं होतं. घरच्या मंडळींनी शेवटी हात टेकले असावेत, कारण एकदा समितीच्या भेटीला येताना स्वारी खोली शोधत आली.

बाईंनी नेहमीप्रमाणे मला नटवलं होतं. अध्यक्ष माझ्यासमोर आले, भांग सारखा केला आणि म्हणाले, "वा! वा! एकही पुस्तक जागचं हललेलं नाही. ह्याला म्हणतात शिस्त."

बाई हरखल्या. "मुलांना खूप आवड आहे, साहेब—"

"ते दिसतंयच," अध्यक्ष म्हणाले. "मग मॅडम, जी पुस्तकं हलतच नाहीत त्यांना एवढी हवेशीर खोली कशाला? कपाट व्हरांड्यात ठेवू. इथे आपण गौरव दालन करू. शाळेला प्रेरणा मिळेल."

"प्रेरणा मिळेलच," होयबा म्हणाले.

"पुढच्या बैठकीत शिक्कामोर्तब करू. बैठक इथेच घ्या, म्हणजे मोजमापही होईल."

ते गेले. बाई त्या आखूड पायाच्या खुर्चीवर मटकन बसल्या. व्हरांडा म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होतं. तिथे पाऊस तिरका आत येतो. तिथे ठेवलेल्या नकाशांच्या पेटीचं वाळवीने काय केलं ते सगळ्या शाळेने पाहिलंय. व्हरांड्यात गेलेली लायब्ररी दोन-चार वर्षांत संपते आणि ती कोणी संपवली हेही कोणाला सांगता येत नाही. मला दया यायला हवी होती. खरं सांगू? आली नाही. राग आला. म्हटलं, नटव अजून मला! पूस अजून काचा!

तेवढ्यात दारात सहावीतली एक मुलगी येऊन उभी राहिली. वेणी सुटलेली, बुटाचा बंद मोकळा. "बाई, समिती गेली का?"

"गेली गं."

"मग माझं पुस्तक द्या ना. तो माणूस विहिरीत पडलाय आणि तुम्ही पुस्तक काढून घेतलंत. आठवडा झाला, तो अजून विहिरीतच आहे!"

 बाई उठल्या, माझं दार उघडलं, पुस्तक काढून तिच्या हातात दिलं. ती तिथेच, उभ्या उभ्या पान शोधायला लागली. आणि बाई माझ्या गच्च फळ्यांकडे बघत एकदम म्हणाल्या, "अगं बाई! माझंच चुकलं की!" चला. उशिरा का होईना, डोक्यात प्रकाश पडला.

दुपारी त्यांनी थोरल्या बहिणीला फोन लावला. ताईचा आवाज असा खणखणीत की मला काचेतून ऐकू येत होता.

"पोरांच्या आया-बापांना माहितीये का हे?" ताईने विचारलं.

"छे गं ताई. समितीतली गोष्ट बाहेर कशी बोलायची?"

"का? तुझ्या घरातली भानगड आहे का ती? खोली घेणाऱ्याला लाज नाही, आणि सांगायला तू लाजतेस! कमाल आहे बाई तुझी."

ताई मला आवडली. आमच्या सुताराच्या जातकुळीची वाटली.

त्यानंतर बाईंनी जे केलं ते ह्या शाळेत कोणी केलं नव्हतं. त्यांनी मला रिकामं केलं. मोठ्या सुट्टीत दारं सताड उघडी टाकून त्या स्टुलावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "या. ज्याला जे हवं ते न्या." पोरांना आधी खरंच वाटेना. वरच्या फळीवरची जाडजूड, चित्रांची पुस्तकं, ज्यांना कोणी बोट लावलं तरी पूर्वी बाईंच्या पोटात कळ यायची, तीही गेली. विज्ञानाचे सर ग्रहणं शिकवत होते, त्यांच्या टेबलावर बाईंनी स्वतः नेऊन पुस्तकं ठेवली. सर दचकले; लायब्ररी आपल्याकडे चालत येते हे त्यांना नवीन होतं. शाळा सुटताना बाई फाटकापाशी उभ्या राहायच्या आणि न्यायला आलेल्या आयांना विचारायच्या, "तुम्हाला काय वाचायला आवडतं?" आया आधी लाजायच्या, मग हळूच सांगायच्या. शाळेच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, आम्हाला कोण देतं?" त्यालाही दिलं. भाषण एकदाही केलं नाही. देवाचे आभार.

नियम फक्त एकच. परत करायचा दिवस समितीच्या बैठकीचा, वेळ बैठकीची, जागा हीच. आणि ज्याचं वाचून झालं नसेल त्याने मुदत वाढवून घ्यायला स्वतः यायचं. म्हणजे वाचून झालं तरी या, नाही झालं तरी या. मला मनातल्या मनात हसू फुटलं. इतकी वर्षं सरळ वाटणारी बाई एवढी बेरकी निघाली!

बैठकीचा दिवस उजाडला. अध्यक्ष आले, मागे समिती, तिच्यामागे फीत घेतलेला मोजणीवाला. अध्यक्ष बाईंच्या खुर्चीत बसले, कारण दुसऱ्याच्या खुर्चीत न विचारता बसायचं हे त्यांच्या रक्तात. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी उघडा, रिकामा. तळाशी दोन डांबरगोळ्या आणि एक मेलेलं झुरळ.

होयबांचा चेहरा पांढराफटक पडला. "बाई! पुस्तकं कुठे आहेत? चोरी झाली का?"

"वाचायला गेलीत," बाई म्हणाल्या.  

आता मी भोळसट. मला वाटलं, झालं, आता ह्या माणसाला कळेल. पण अध्यक्ष म्हणजे वेगळंच रसायन. त्यांनी खुशीत मांडीवर थाप मारली. "म्हणजे खोली रिकामीच आहे की! मग तर प्रश्नच मिटला. उद्याच रंगारी पाठवतो."

"उद्याच," होयबा म्हणाले.

ऐकलंत? भरलेलं असलं तर कोणी वाचत नाही म्हणून खोली द्या. रिकामं असलं तर इथे काही नाही म्हणून खोली द्या. ज्याला घ्यायचंच आहे त्याला मी कसाही दिसलो तरी सारखाच. इतकी वर्षं आपण कोणापुढे काचा पुसत होतो ते त्या क्षणी बाईंनाही कळलं असेल. मोजणीवाल्याने भिंतीला फीत लावली.  बाई दाराकडे बघत होत्या.

घंटा झाली आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली.

पहिली आली ती विहीरवाली. खुर्चीत अनोळखी माणूस बघून ती जरा थबकली, मग सरळ त्यांच्यापुढे जाऊन पुस्तक टेबलावर ठेवलं. "हे घ्या. आणि ह्याचा दुसरा भाग द्या."

"अं?" अध्यक्ष म्हणाले.

"दुसरा भाग. तो विहिरीतून निघाला, पण दोर कापणारा कोण ते ह्यात नाहीये." अध्यक्ष होयबांकडे बघायला लागले, होयबा छताकडे. मुलीने थोडी वाट पाहिली आणि बाईंकडे वळून मोठ्याने विचारलं, "बाई, ह्या काकांना काहीच माहीत नाही. हे इथे का बसलेत?"

तिच्यामागे रांग होती. रांग दारातून बाहेर, व्हरांडाभर आणि पार जिन्याखाली. पोरं, पोरांच्या आया, एक काठी टेकत आलेले आजोबा, बसचा ड्रायव्हर. एक आई पुस्तक पदराखाली धरून म्हणाली, "बाई, मुदत वाढवून द्या हो. आमचा लेक हातातून सोडेना, मला कालच मिळालंय." आजोबा म्हणत होते, अक्षर बारीक आहे, मोठ्या अक्षरातलं काही आहे का? ज्या सभासदाला भाषणात डुलकी लागायची, तोही टक्क जागा होता.

मोजणीवाला फीत धरून रांगेतून वाट काढत होता. त्या आईने त्याला हटकलं. "काय हो, काय मोजताय?"

"खोली," तो म्हणाला.

"कशाला?"

 होयबांनी बाईंकडे डोळे वटारले. आणि बाई, ज्यांनी जन्मात समितीची गोष्ट बाहेर सांगितली नव्हती, साध्या आवाजात म्हणाल्या, "ही खोली अध्यक्ष साहेबांच्या मानचिन्हांसाठी घेतायत. पुस्तकं व्हरांड्यात जाणार आहेत."

"कोणाच्या मानचिन्हांसाठी?" आजोबांनी कानाला हात लावून विचारलं. त्यांना खरंच ऐकू आलं नव्हतं. बाईंनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. जिन्याखालपर्यंत गेलं ते.

सगळ्यांचे डोळे खुर्चीतल्या माणसाकडे वळले. कोणी शिवी दिली नाही, घोषणा दिली नाही. नुसते बघत राहिले. ज्याला आयुष्यभर लोकांनी आपल्याकडे बघावं असंच वाटत आलं, त्याला त्या दिवशी ते बघणं सोसेना. 

"छे, छे, छे!" अध्यक्ष उठून उभे राहिले. "कोण म्हणालं? गैरसमज! मोजमाप तर... नव्या फळ्यांसाठी चाललंय! एवढे वाचक, आणि कपाट एकच! मी तर केव्हापासून म्हणतोय."

"केव्हापासून म्हणतायत," होयबा म्हणाले.

एरवी बाई इथे आभार मानून रडल्या असत्या. त्या दिवशी त्या तसूभर हलल्या नाहीत. "सगळ्यांनी ऐकलंत ना?" त्यांनी रांगेला विचारलं. मग अध्यक्षांकडे वळल्या. "फळ्या कधी बसवताय, साहेब? ह्यांच्यासमोरच सांगा." आणि त्या माणसाला तारीख सांगावी लागली. आईने ती पुस्तकाच्या खुणेच्या चिठ्ठीवर लिहून घेतली.

फळ्या आल्या. हलक्या, पोकळ, कोपऱ्यात पोपडे निघालेल्या. त्यांच्याशेजारी उभं राहायची मला शरम वाटते, पण भिंत भरली. वर एक पाटी लागली, अध्यक्षांच्या प्रेरणेने म्हणून, खाली त्यांची हसरी तसबीर. होयबा आता पाहुण्यांना सांगतात, वाचन चळवळ आम्हीच सुरू केली. करू देत. त्या तसबिरीला मी रोज समोरून बघतो आणि माझा दिवस मजेत जातो. बाई दर बैठकीला रांग लावतात, दर नव्या आईला फाटकापाशी गाठतात. एकदा हरलेला माणूस पुन्हा मोजणीवाला घेऊन येऊ शकतो, हे त्यांना माझ्याइतकंच पक्कं कळलंय.

माझं म्हणाल तर एक बिजागरी निखळलीय, काच तडकलीय, खालच्या फळीवर कोणीतरी शाईने घोडा काढलाय, तोही वाईट. अंगावर धूळ असते, कारण बाईंना पुसायला वेळ नसतो. तुमच्या गावातही शाळा असेल, तिथेही एखादं कपाट असेल. ते चकचकीत आणि भरलेलं दिसलं तर खुश होऊ नका. किल्ली कोणाच्या खिशात आहे ते विचारा. आणि आतल्या बाई हळू आवाजात काही सांगत असतील तर त्यांना म्हणा, मोठ्याने बोला, सगळ्यांना ऐकू द्या.

झालं माझं. आता उठा आणि जरा बाजूला सरका. तुमच्यामागे पहिलीतलं एक पोर मघापासून उभं आहे आणि तुम्ही नेमके त्याला हव्या असलेल्या फळीसमोर बसलाय.